दिवाळं निघालेला दुकानदार

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. सणासुदीला चांगलं बोलावं! पण ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी आपलं दिवाळं निघाल्याचं अभंगात उघडउघड सांगून ठेवलं आहे, आणि वर त्याबद्दल देवाचे आभारही मानले आहेत. देहूचे तुकोबा, बोल्होबा आंबिले यांचे मधले चिरंजीव. घराण्याकडे पेठेची महाजनकी, दुकान, शेती आणि सावकारी. संत, जगद्गुरू वगैरे सगळं पुढचं. आधी ते दुकानदार होते, आणि आपल्या दुबईकरांना दुकानदाराची गोष्ट जरा लवकर कळते.

आपण राहतो ती दुबई मरीना घ्या. इथे पाणीसुद्धा माणसाने आणलेलं. वाळवंटात सुमारे तीन किलोमीटरचा कालवा खणला, समुद्र आत घेतला आणि दोन्ही काठांवर टॉवर उभे केले. एकाच्या बाल्कनीतून दुसऱ्याचा दिवाणखाना दिसतो. त्यामुळे पाहुणे आले की पहिला प्रश्न कितव्या मजल्यावर, दुसरा समुद्र दिसतो की नुसताच कालवा, आणि तिसरा (चहा झाल्यावर) भाड्याचं की स्वतःचं. मग मुलांची शाळा, सुट्टीत कुठे जाणार, गाडी कुठली. बरोबरीने इथे आलेला मित्र आज कुठल्या कुठे पोचला आणि आपण अजून त्याच ग्रेडवर, हा विचार शनिवारी-रविवारी निवांतपणे येतो. इमारतींचीही यातून सुटका नाही. इथला प्रिन्सेस टॉवर २०१२ साली पूर्ण झाला तेव्हा ४१४ मीटर उंचीची ती जगातली सर्वांत उंच निवासी इमारत होती. तीन-चार वर्षांत न्यूयॉर्कच्या एका इमारतीने तो मान काढून घेतला. एवढ्या सिमेंट-काँक्रीटची ही गत, तर आपलं काय!

अशा वेळी घरातलं मोठं माणूस म्हणतं, देवाच्या मनात असेल ते होईल. शेजारचा अरब इन्शाल्ला म्हणतो, आणि तो शब्द वर्षा-दोन वर्षांत आपल्याही तोंडी बसतो. देवाने ठेवलं तसं समाधानात राहावं, या अर्थाचा तुकोबांचा अभंग तर कित्येक घरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. पण मला नेहमी वाटतं, की तो अभंग आपण फार स्वस्तात घेतो. हात जोडून गप्प बसायचा सल्ला म्हणून घेतो. ज्या माणसाने तो लिहिला त्याचं आयुष्य बघितलं तर गप्प बसणं त्यात कुठेच दिसत नाही.

तुकोबांचं जन्मसाल बहुतेक जण १६०८ धरतात. देहू हे पुण्याजवळ इंद्रायणीच्या काठचं गाव. घराण्यात पंढरीची वारी कित्येक पिढ्यांपासून. विश्वंभर नावाच्या पूर्वजाने गावात विठ्ठलाचं देऊळ बांधलं होतं. वडील बोल्होबा, आई कनकाई. मुलगे तीन : सावजी, तुकाराम, कान्होबा. रिवाजाप्रमाणे वडिलांचा कारभार थोरल्याने सांभाळायचा, पण सावजींचं मन संसारात नव्हतं. त्यांनी नकार दिला आणि दुकानाचा भार मधल्या मुलाच्या खांद्यावर आला. त्या वेळी वय वर्षं १३! आपल्या मुलांना त्या वयात आपण एकट्याने मेट्रोत बसू देत नाही.

आणि त्यांनी ते नीट चालवलं, हे लक्षात ठेवायला हवं. तुकोबा जन्मापासूनच भोळे, व्यवहारशून्य होते असं चित्र आपल्या डोक्यात असतं, ते बरंचसं कीर्तनकारांनी रंगवलेलं. सुरुवातीची काही वर्षं घर भरलेलं होतं. पहिली बायको रखमाबाई. तिला दम्याचा आजार, म्हणून पुण्याच्या एका सधन सावकाराच्या मुलीशी दुसरं लग्न लावून दिलं. ती जिजाबाई, माहेरची आवली. एवढ्या तालेवार घरातून सोयरीक आली यावरूनच या घराची पत केवढी होती ते कळतं.

मग एकेक कोसळायला लागलं. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे असताना आई-वडील गेले. सावजींची बायको वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि १६३० साली पाऊसच पडला नाही.

हा दुष्काळ साधासुधा नव्हता. गुजरातपासून दख्खनपर्यंत दोन-तीन वर्षं तो पसरला होता. त्या काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णनं लिहून ठेवली आहेत. पुण्याची कथा आणखी वेगळी. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो याच सुमाराचा. त्याच १६३० साली शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. एकाच साली, एकाच मुलखात कुणाच्या घरी पाळणा आणि कुणाच्या घरी अन्नान्नदशा. तुकोबांच्या घरी दुसरं. रखमाबाई अन्न अन्न करत गेली. पाठोपाठ तिचा मुलगा संतू गेला. गुरं मेली, माल बुडाला, येणं वसूल होईना आणि देणं थांबेना. सोयऱ्यांनी भांडवल देऊन एक-दोनदा उभं करून पाहिलं, तेही गेलं. ज्याच्या दुकानाच्या पायरीवर लोक पैशासाठी उभे राहायचे त्याला आता गावातून तोंड वर करून चालायची लाज वाटायला लागली. ही लाज त्यांनी स्वतः अभंगात सांगितली आहे. मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत खरी जागा हीच वाटते. वय अवघं बावीस-तेवीस.

इथे २००९ साली ज्यांनी नोकऱ्या गमावल्या त्यांना ही लाज ठाऊक असेल. त्या वर्षी अर्धवट टॉवरांवरच्या क्रेन थांबल्या होत्या. कर्ज फेडता येत नाही म्हणून विमानतळावर गाड्या सोडून गेलेल्या लोकांच्या बातम्या जगभर छापून आल्या. नोव्हेंबरात खुद्द दुबई वर्ल्डने देणेकऱ्यांकडे मुदत मागितली. तेव्हा इथे चेक परत गेला तर फौजदारी होत असे. पैसे नाहीत म्हणून परत गेलेल्या चेकची प्रकरणं बहुतांशी दिवाणी झाली ती २०२२च्या जानेवारीपासून. एका सहीच्या कागदाला माणूस किती घाबरू शकतो, हे इथे वेगळं सांगायला नको.

असो, देहूला परत जाऊ.

व्यापार बुडाल्यावर तुकोबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पूर्वजाचं पडझड झालेलं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. हातात काही नसताना दगड-मातीचं काम! मग ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस तिथे होते, असं परंपरा सांगते. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला आणि त्यांना घेऊन खाली आला. इंद्रायणीच्या काठावर आल्यावर तुकोबांनी घरातली कर्जखतं आणायला सांगितली. वडिलोपार्जित सावकारीचे कागद, कुणाकडून किती येणं आहे त्याचे. दुष्काळात आपलं बुडालं होतं तरी ते कागद होतेच, आणि पुढेमागे पाऊसपाणी झालं की त्यातून घर पुन्हा उभं राहू शकलं असतं. कान्होबांनी नदीत टाकू नका म्हणून समजावलं. तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन सारखे वाटे केले. अर्धे कान्होबांना दिले आणि आपले अर्धे इंद्रायणीत सोडले.

या प्रसंगावर जरा थांबायला हवं. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपतो.

आपण देवाची योजना म्हणतो तेव्हा बहुतेकदा दुसऱ्याच्या बाबतीत म्हणतो. ड्रायव्हरला पगार कमी मिळतो, ज्याचं त्याचं नशीब. कामवाल्या बाईला दोन वर्षं मुलं भेटली नाहीत, देवाची इच्छा. स्वतःचं प्रमोशन हुकलं की मात्र देव आठवत नाही, बॉस आठवतो. तुकोबांनी नेमकं उलट केलं. आपलं दिवाळं, आपला दुष्काळ, आपली अब्रू गेली ती देवाने बऱ्यासाठी केलं, असं त्यांनी स्वतःपुरतं मान्य केलं. पण ज्या कुणब्यांचे कागद त्यांच्या घरी होते त्यांना त्यांनी तुमच्या प्रारब्धात कर्ज आहे असं ऐकवलं नाही. त्यांचं कर्ज बुडवून टाकलं. देवावरचा भरवसा स्वतःच्या दुःखाला लावला आणि दुसऱ्याच्या दुःखाला हात लावला.

आणि कान्होबांना जबरदस्ती केली नाही. भावाने आपले अर्धे कागद ठेवून घेतले, बहुधा पुढे वसुलीही केली असेल. त्याला बायकापोरं होती, घर चालवायचं होतं. तुकोबांनी आपला त्याग मोठा आणि त्याचा व्यवहार हलका असा हिशेब मांडल्याचं कुठे ऐकिवात नाही. तुलना नुसती पैशाची असते थोडीच? आमच्याकडे साधं राहतात, आम्ही नाही बुवा ब्रँडच्या मागे, हीसुद्धा तुलनाच! मंडळात ती पुष्कळ ऐकू येते.

यानंतरही तुकोबा संसार सोडून गेले नाहीत. व्यापाराचे प्रयत्न झाले, पण ते महिपतींच्या शब्दांत वाचावेत. अठराव्या शतकातल्या या चरित्रकाराने ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत तुकोबांच्या कथा सांगितल्या आहेत. मिरच्या विकायला कोकणात गेले आणि गिऱ्हाइकं लुबाडून गेली. जिजाबाईंनी आपल्या पतीवर कर्ज काढून दिलं, त्यातून चार पैसे सुटले, आणि परतीच्या वाटेवर कर्जापायी हाल होत असलेला एक माणूस दिसला तेव्हा तुकोबांनी सगळे त्याला देऊन टाकले. कथा म्हणून गोड आहेत. पण रात्री घरी काय झालं असेल?

जिजाबाईंबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याकडे तिची प्रतिमा भांडखोर, तोंडाळ बायकोची. खुद्द तुकोबांनी दिवाळ्याबद्दल देवाचे आभार मानले त्याच अभंगात कर्कशा बायको मिळाली तेही बरं झालं असं म्हटलं आहे. पण बाजू तिचीही बघा. सावकाराची लेक, भरल्या घरात दिलेली, आणि काही वर्षांत चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न. पुण्यात तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी कशा राहत असतील हे तिला माहीत नसेल का? तुलना करायचा अधिकार कुणाला असेल तर तिला होता. डोंगरावर भजनात बसलेल्या नवऱ्याला ती रोज भाकर घेऊन जायची, आणि तो जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात गौरीबाईंनी जी जिजाई उभी केली तिने हे नेमकं पकडलंय. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम डोळे मिटून गातात तेव्हा ही बाई म्हैस सांभाळते, पोरं सांभाळते आणि देवाशीच भांडायला देवळात जाते. सिनेमा जरूर बघा, मुलांनाही दाखवा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याची वाखाणणी झाली. माझ्या मते त्यातला अर्धा मान जिजाईचा आहे.

तर देवावर भार टाकण्याची किंमत घरातलं कुणीतरी दुसरंच मोजत असतं, हे चरित्र वाचताना सारखं जाणवतं. तुकोबांच्या भक्तांना हे लिहिलेलं आवडणार नाही कदाचित. पण तुकोबांनी स्वतः काही लपवलं नाही, मग आपण का लपवावं?

कीर्तन करता करता अभंग सुचू लागले. नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी आपली अपुरी राहिलेली अभंगांची संख्या पुरी करायला सांगितली, असं तुकोबांनीच सांगितलं आहे. लोक गोळा व्हायला लागले. चाकणचे संताजी जगनाडे, तेल्याच्या घाण्यावरचा माणूस, अभंग वह्यांत उतरवून घेऊ लागले. आणि इथून गावातल्या काहींची पोटदुखी सुरू झाली. देहूत मंबाजी गोसावी नावाचे गृहस्थ मठ करून राहत होते. त्यांच्यापेक्षा या दिवाळखोर वाण्याच्या कीर्तनाला गर्दी जास्त! एका क्षुल्लक निमित्तावरून त्यांनी तुकोबांना काटेरी फांद्यांनी मारलं. संध्याकाळी कीर्तनाला मंबाजी दिसले नाहीत म्हणून तुकोबा स्वतः त्यांना बोलवायला गेले. तुलनेने माणूस काय करून बसतो ते मंबाजींकडे बघून कळतं. आपण त्यांना खलनायक म्हणून मोकळे होतो, पण थोडेसे मंबाजी आपल्या सगळ्यांत असतात. मित्राचा लिंक्डइनवरचा नवा हुद्दा वाचून पोटात जे होतं, ते तेच.

वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचा आक्षेप मात्र जास्त गंभीर होता. शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये, अभंग रचू नयेत. म्हणजे काय, तर देवाने जिथे जन्माला घातलं तिथेच राहा. ज्यांनी समाधानाचा अभंग लिहिला त्यांनाच समाधानाचा हा धडा! हुकूम झाला वह्या बुडवण्याचा. तुकोबांनी वह्या इंद्रायणीत सोडल्या. पण माझी जागा हीच म्हणून घरी जाऊन दुकान काही उघडलं नाही. नदीकाठच्या शिळेवर बसले, अन्नपाणी सोडून १३ दिवस. भांडण रामेश्वर भट्टांशी नव्हतंच, देवाशी होतं. लिहायला तू सांगितलंस, आता काय ते तूच सांग. त्या वेळच्या अभंगांत रुसवा आहे, राग आहे, लेकराने आईला धरावं तसा हट्ट आहे. भरवसा असलेल्या माणसाचंच हे भांडण.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. काही जण म्हणतात अभंग लोकांच्या तोंडी इतके बसले होते की बुडणार कसे. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं. त्याच नदीत आधी टाकलेली कर्जखतं मात्र कुणी वर आलेली ऐकली नाहीत! रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. कोल्हापूरकडून बहिणाबाई नावाची ब्राह्मण घरातली तरुण बाई स्वप्नात तुकोबांना गुरू मानून देहूला आली. तिने लिहिलेल्या आत्मकथेत मंबाजींचा जाच आणि देहूचं वातावरण आलेलं आहे, म्हणून हे सगळं नुसतं दंतकथेवर सोडता येत नाही.

शिवरायांनी नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. इतिहासकारांत त्यावर वाद आहेत. तिची गरजही नाही म्हणा. येणं असलेले कागद ज्याने बावीस-तेवीसाव्या वर्षी पाण्यात सोडले त्याने पुढे मोहरा परत केल्या, यात नवल ते काय!

शके १५७१, म्हणजे १६५० सालच्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. वैकुंठाला गेले असं वारकरी म्हणतात. वय चाळिशीच्या थोडं पुढे. जिजाबाईंच्या पोटात तेव्हा धाकटा मुलगा होता. हा नारायण बापाच्या माघारी जन्मला, जिजाबाईंनी वाढवला, आणि त्यानेच १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली. दर आषाढात टीव्हीवर आपण जो लाखोंचा लोंढा बघतो त्याची सुरुवात तिथली. तुकोबांचे अभंग सरकारी मदतीने मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून छापले जायला लागले ते १८६९ साली. गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. इथे कुणाकडे नसेल तर सुट्टीत देहूहून किंवा पुण्याहून आणावी, बॅगेत फार जागा घेत नाही.

त्या गाथेत थोडे अभंग तुकोबांचे नाहीत. ते तुकयाबंधू या नावाने आहेत, म्हणजे कान्होबांचे. अर्धे कागद ठेवून घेणारा तो धाकटा भाऊ. भाऊ गेल्यावर त्याने देवाला धारेवर धरलं आहे. माझा भाऊ परत दे, म्हणून इंद्रायणीच्या काठावर तो विठ्ठलाशी भांडतो, अगदी थोरल्याने तेरा दिवस भांडावं तसाच. तुकोबांच्या अभंगांबरोबर, एकाच पुस्तकात ते छापलेले असतात.